दुसरी चूल

आमच्या घरात चूल वेगळी करण्याची अक्कल माझी. हे मी आजवर माहेराबाहेर कुणापाशी कबूल केलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही, आणि तो बिचारा माझ्या बाकीच्या सगळ्या थापा खऱ्या मानून गेला. आता गुडघे गेले, दात गेले, लाज तर त्या दोघांच्या कितीतरी आधी गेली, तेव्हा लिहून टाकायला हरकत नाही. एरवी घरात आधी भांडण होतं, महिनोन्‌महिने धुमसतं आणि मग एक दिवस चूल वेगळी होते. आमच्याकडं उलटं झालं. चूल आधी वेगळी मांडली आणि भांडण मागनं आलं, तेही पालिकेच्या माणसासमोर, भर जत्रेदिवशी, मटण रटरटत असताना.

कोल्हापुरात नाल्याच्या काठानं आमची वस्ती होती. आमचं घर म्हणजे एक खोली आणि तिच्या पाठीला टेकवलेली पत्र्याची पडवी. त्यात माणसं नऊ. आजी, आप्पा, आई, आम्ही चार भावंडं, आणि पडवीत तात्या म्हणजे माझा धाकटा चुलता आणि त्याची बायको, आमची काकू. जागा इतकी कमी की आमच्या घरातले उंदीर उभ्यानं झोपायचे. एकानं कूस बदलली की आठांना बदलावी लागायची, आणि कुणी स्वप्नात दचकलं तर पडवीतल्या काकूच्या डोक्यावरचा पत्रा वाजायचा. पहाटे आधी नाल्याचा वास उठायचा, मग आजी, मग कोंबडा. कोंबड्यानं एकदा आजीच्या आधी आरवायचं धाडस केलं होतं, त्याचा आम्ही पांढरा रस्सा केला. आप्पा गुळाच्या अड्ड्यावर हमाल. ते घरी आले की त्यांच्या पाठीला गुळाचा वास यायचा आणि मागनं माश्यांची मिरवणूक. तात्या उद्यमनगरात एका फाउंड्रीत मोल्डर होता. ती फाउंड्री कधी चालू असायची, कधी बंद. बंद असली की तो पडवीत बसून काळ्या मातीचे साचे हवेतच करत राहायचा, बोटांना सवय म्हणून.

या घराचा खरा राजवाडा म्हणजे आजीची चूल. खोलीच्या कोपऱ्यात, भिंतीला काजळीचा हातभर थर, शेजारी कांदा-लसणाच्या चटणीची बरणी. त्या चटणीला हात लावायचा अधिकार आजीला, आणि आजी आजारी पडली तर आईला. आजी आजारी पडत नसे. तिची चटणी इतकी जहाल होती की एकदा बरणी फुटली तर नाल्यातले बेडूक पलीकडच्या काठाला राहायला गेले. मी स्वतः बघितलेत. काकूला त्या चुलीवर भाकरी भाजायची मुभा होती, आमटीला फोडणी द्यायची नव्हती. काकू नेसरीकडची. तिकडं सासूला आत्ती म्हणतात, म्हणून ती आजीला आत्ती म्हणायची, आणि दिवसाकाठी ‘व्हय आत्ती’ आणि ‘बरं आत्ती’ याच्यापलीकडं तिसरं वाक्य तिच्या तोंडून निघालेलं मी ऐकलं नव्हतं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, मूल नव्हतं. याविषयी आमच्या घरात कुणी बोलत नसे. आजी बोलत नसताना भांडी जरा जोरात ठेवायची, एवढंच.

अशात बातमी आली, की पालिका आमची वस्ती उठवणार आणि टेकडीकडच्या माळावर इमारती बांधून आम्हाला पक्की घरं देणार. एक खोली, स्वयंपाकाचा कोपरा, नळ आणि घरातच संडास. ‘जिथं खायचं तिथंच जायचं? ह्यास्नी कुणी शिकवलं?’ एवढं म्हणून आजीनं संडासाचा विषय मिटवला. पण गोम पुढं होती. ज्याचं नाव सर्व्हेच्या यादीत त्याला घर. ज्याचं नाही त्याचं झोपडंही उठणार, आणि मग त्यानं कुठं जायचं ते त्याचं त्यानं बघायचं. आप्पांनी त्या दिवशी जेवताना हिशेब मांडला. ‘सात माणसं कशीतरी मावतील. पर तिथं पडवी न्हाई, तात्या.’ तात्यानं मान हलवली आणि भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला. तो इतका वेळ बुडवून ठेवला की शेवटी ताटलीत भाकरीची पेजच झाली.

दोनच दिवसांनी भर दुपारी मी तात्याला एसटी स्टँडवर बघितलं. तो कुठली गाडी धरायला गेला नव्हता. फलाटाच्या टोकाला, जिथं भिंत वळते तिथं उभा होता, आणि वारा कुठनं येतो, नळ किती पावलांवर आहे, फरशीला ओल आहे का, हे बघत होता. एकदा खाली बसला, पाय लांब करून पाहिले, मग उठून पँट झटकली. मी खांबाआड लपले. गडहिंग्लजची गाडी लागली, लोक खिडकीतनं पिशव्या टाकून जागा धरायला लागले, आणि माझा चुलता त्या गर्दीत स्वतःची आणि बायकोची जागा बघत होता. तिथनं मी सरळ पालिकेच्या ऑफिसात गेले. मॅट्रिकला मी दोनदा बसलेली होते, म्हणजे आमच्या वस्तीतली सगळ्यात शिकलेली. एकदाच बसून पास झालेल्यांना एवढा अनुभव नसतो. तिथं फळ्यावर नोटीस होती आणि नोटिशीत लिहिलं होतं, की एक चूल म्हणजे एक कुटुंब, आणि एका कुटुंबास एक घरकुल. ते वाचलं आणि माझ्या डोक्यात असा उजेड पडला, की ऑफिसातल्या कारकुनानं दिवे मालवून विजेची बचत करावी.

‘म्हंजे खोटं बोलायचं,’ रात्री घरी माझा पडवीतल्या दुसऱ्या चुलीचा बेत ऐकून आप्पा म्हणाले.

‘खोटं कसं? चूल खरी, लाकडं खरी, भाकरी खरी. नुसतं भांडण तेवढं न्हाई,’ मी म्हटलं.

आजीनं लाटणं खाली ठेवलं. ‘माझ्या जित्यापणी ह्या घरात दुसरी चूल पेटायची न्हाई.’

‘मग भावजींनी जायचं कुठं?’ आईनं विचारलं. आई गरीब, कोडोलीची, पण मोक्याच्या वेळी नेमका प्रश्न विचारायची आणि मग आपण काही विचारलंच नाही असं तोंड करून कणीक मळायला लागायची.

आजीनं चटणीच्या बरणीचं झाकण उघडलं, परत लावलं. परत उघडलं. ‘मांडा,’ ती म्हणाली. ‘पर वस्तीत कुणी इचारलं तर माझ्या नावावर घालू नका. मी सासू म्हणून चांगलीच हाय.’

आमची दुसरी चूल पडवीत बसली. माती आणली काकूनं, तुडवली तात्यानं, सारवली मी. मोल्डरनं घडवलेली चूल ती, तिच्या कडा अशा सरळ की त्यात इंजिनाचा पार्ट ओतावा. पण शहाणपण कधी एकट्याचं राहत नाही. चार दिवसांत आख्ख्या वस्तीला ते कळलं. ज्याच्या घरी एक चूल होती त्याच्या दोन झाल्या, दोनच्या तीन झाल्या. एका म्हाताऱ्यानं आपण आणि आपली म्हैस वेगळे राहतो असं सांगून दोन चुली मांडल्या. धूर इतका झाला की पन्हाळ्यावरच्या लोकांना वाटलं कोल्हापूर जळतंय. काही भली माणसं बादल्या घेऊन निघाली म्हणतात. वाटेत चहा प्यायला थांबली म्हणून राहिलं.

आणि मग सर्व्हेवाले माने आले. किडकिडीत अंग, बगलेत छत्री, प्लॅस्टिकच्या पिशवीत रजिस्टर. हा माणूस काही विचारायचाच नाही. घरात शिरायचा, चुलीपाशी उकिडवा बसायचा आणि हाताची मागची बाजू राखेवर ठेवायचा. वैद्य नाडी बघतो तसं डोळे मिटून बसायचा, मग चुलीच्या कडेचा टवका नखानं काढून माती दाबून बघायचा. ‘ओली चूल, कोरं भांडण,’ असं म्हणून एक रेघ मारायचा आणि पुढं. पहिल्या गल्लीत त्यानं अशा डझनावारी चुली मारल्या. एका घरात राख चांगली गरम लागली. पण राखेला वास गोवऱ्यांचा आणि घरात सगळी बाभळीची लाकडं. शेजारणीकडनं उसनी आणलेली राख निघाली. वस्तीत त्याला कुणी माने म्हणत नव्हतं, राखवाला म्हणत. तो कुठल्या गल्लीत कधी शिरेल याचा नेम नव्हता. आज वरच्या अंगाला, उद्या खालच्या, मध्येच आठ दिवस गायब. (हल्ली म्हणे उपग्रहातनं घराचे फोटो काढतात आणि मोबाईलवर यादी लागते. माझा नातू कौतुकानं दाखवतो. मी त्याला विचारते, तुझ्या उपग्रहाला राख गार का गरम ते कळतं का? तो म्हणतो, आजी, तू झोप.)

म्हणजे आमची चूल जुनी व्हायला पाहिजे होती. रोज पेटायला पाहिजे होती. ती काजळायला पाहिजे होती, तडकायला पाहिजे होती. त्या दिवसांत आमच्या घरात कुणाचा पाय एका जागी ठरला नाही. सायकलची घंटी वाजली की मी दारात. छत्री दिसली की आई दारात. आप्पा अड्ड्यावरनं दुपारी उगाच येऊन जायचे. पाणी प्यायला आलो म्हणायचे. अड्ड्यावर काय पाणी नव्हतं? आजी नळावर जाईना, देवळात जाईना, आपण गेलो आणि तो आला तर या बायका काहीतरी भलतंच बोलतील, या काळजीनं. बाजाराला जाणारा अर्ध्या वाटेतनं मागं यायचा. मी केस विंचरायला घेतले की एक वेणी घालून उठायचे आणि दुसरी दुपारपर्यंत तशीच मोकळी. झोपेतही आम्ही सगळे एका कानानं जागे असायचो. इतकं हलत होतो आम्ही, की घर स्वतःच उठून माळावर चालत जाईल असं वाटायचं.

सुरुवातीचे दिवस काकू पडवीत आजीचीच आमटी करायची. खोली आणि पडवीच्या मधल्या कुडाच्या वरनं आजी मसाल्याची वाटी द्यायची, मीठ किती ते ओरडून सांगायची. मग एक दिवस पडवीतनं वेगळाच वास आला. खमंग, जरा कडवट, तेलकट. काकूनं माहेरनं आलेली गुरेळी भाजली होती, तिकडं कारळ्यांना गुरेळी म्हणतात, आणि लसूण घालून ती कुटत होती. दुसऱ्या दिवशी अंबाडीची भाजी कण्या घालून. तिसऱ्या दिवशी पातळ, कागदासारखी ज्वारीची भाकरी, कडक होईपर्यंत शेकलेली. आणि ती कुटताना काहीतरी गुणगुणायची, कानडी-मराठी मिसळून. तात्या चुलीसमोर मांडी घालून जेवायचा. आधी तो आमच्याबरोबर खाली मान घालून जेवायचा आणि हात धुवायचा. आता जेवण झाल्यावरही तिथंच बसून राहायचा, आणि ते दोघं बोलायचे. एकदा मी त्यांना हसताना ऐकलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा. ते हसू आजीनंही ऐकलं. तव्यावरची भाकरी तिनं उलटलीच नाही, ती काळीठिक्कर पडली.

‘काय गं, ती काळी माती खाया घालतीस व्हय माझ्या ल्योकाला?’ आजीनं कुडापलीकडं विचारलं.

‘लावून बघा की, आत्ती.’ तिसरं वाक्य आलं होतं.

‘मी न्हाई खात.’

मी कुडाला पाठ लावून बसले होते. मला वाटलं, आपण नाटकासाठी पडदा बांधला आणि पडद्यामागं खरोखरीच कुणीतरी राहायला आलं.

मग टेंबलाईची जत्रा आली. आषाढातली ही जत्रा म्हणजे कोल्हापूरला चढणारं एक वारं आहे. नदीच्या नव्या पाण्याच्या घागरी डोक्यावर घेऊन बायका निघतात, पुढं पी-ढबाक वाजतं, सनईचं पी आणि ढोलाचं ढबाक, आणि तो आवाज पायाच्या तळव्यातनं वर चढतो. घरोघरी मटण. आमच्याकडंही आणलं. आता बघा, नऊ माणसांच्या घरात मी हुशार, आई हुशार, आजी तर महाहुशार. पण मटण दोन चुलींवर शिजवावं हे आमच्यापैकी एकाला सुचलं नाही. सुचणारच नाही. आमटी वाटून घेता येते, भाकरी वाटून घेता येते. जत्रेचं मटण एका हंड्यात शिजतं, हंडा थोरल्या चुलीवर असतो आणि घरातली प्रत्येक बाई त्याच्याभोवती असते. कोल्हापुरात जन्मलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. शिवाय आप्पांनीच सकाळी निकाल दिला, ‘जत्रेदिवशी कुठला सायेब येतोय? त्याच्याबी घरात मटण असंल.’ तेव्हा काकू सकाळपासनं खोलीत, आजीच्या पाट्यावर वाटण वाटायला. आई कांदे भाजायला. मी चव बघायला. पडवीतली चूल गार. गार म्हणजे किती, तर शेजारचं मांजर तिच्या आत अंगाचं मुटकुळं करून झोपलेलं.

भर दुपारी दारात छत्री मिटल्याचा आवाज आला. तो आवाज मी अजून झोपेत ऐकते.

मानेसाहेबांनी हंड्याकडं बघितलं, काकूच्या वाटणानं भरलेल्या हातांकडं बघितलं. पडवीत गेले, उकिडवे बसले, हात पुढं केला आणि थांबले. मांजरानं एक डोळा उघडून त्यांच्याकडं पाहिलं आणि परत मिटला. ‘ह्या चुलीत मांजार शिजतंय वाटतं,’ ते म्हणाले. परत येऊन त्यांनी रजिस्टर उघडलं. ‘चूल एक. कुटुंब एक. कुटुंबप्रमुखाचं नाव सांगा.’

 आप्पांनी तोंड उघडलं आणि आवाजाऐवजी नुसता गुळाचा वास आला.

‘दोन हायत,’ काकू म्हणाली.

‘बाई, मी आत्ता बघून आलो.’

‘आज पेटली न्हाई म्हणून काय झालं? चूल माझी हाय.’ काकू उठून उभी राहिली. हातातनं लाल वाटण ठिबकत होतं. ‘हितं ह्या चुलीवर मी नऊ वरसं भाकऱ्या थापल्या, सायेब. आमटीत मीठ किती घालायचं ते एक दिस माझ्या मनानं घातलं न्हाई. पाव्हण्यासारखी जेवली आन्‌ गड्यावानी राबली. तिकडं पडवीत दीड महिना मी माझ्या हातचं खाल्लं. ते तेवढं लिवा.’

हे नाटकातलं नव्हतं. साहेब आला तर म्हणायला मी लिहून दिलेल्या भाषणात यातलं एक अक्षर नव्हतं. आजीनं पळी हंड्यात तशीच सोडली.

‘मग घालायचं न्हाईस मीठ? कुणी हात धरलावता?’

‘हात न्हाई. तोंड धरलंवतं.’

‘बघा, बघा, तोंड फुटलं. नऊ वरसं मुकी हाय म्हणून सांभाळली मी.’ आजीचा आवाज चढला, आणि मला दिसत होतं की आता ती थांबणार नाही, तिलाही थांबता येणार नाही. ‘मोठी आली चूलवाली. पोर न्हाई बाळ न्हाई, कुणासाठी पेटवतीस गं ती चूल?’

बाहेर लांबवर पी-ढबाक चाललं होतं. आत रस्सा उकळत होता.  काकूनं हात पदराला पुसले, आणि पदर लाल झाला तरी ती पुसतच राहिली.

मानेसाहेबांनी चष्मा काढला. ‘दोघंच हायती व्हय? नवराबायको?’ त्यांनी हळू विचारलं. ‘मग चूल गरम असती तरी जमलं नसतं. वेगळं कुटुंब तीन माणसांपासनं. दोघंच असली तर थोरल्या भावात धरायची. नोटिशीत शेवटच्या वळीत हाय की. वाचली न्हाई का कुणी?’

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. नोटीस मी वाचली होती. शेवटच्या ओळीवर कुणीतरी कुस्तीच्या मैदानाचं पोस्टर चिकटवलेलं होतं. दोन पैलवान मांड्या थोपटत उभे. मी पैलवान नीट बघितले. पोस्टर उचलून खाली काय आहे ते बघितलं नाही. 

तात्या उठला. दाराशी जाऊन त्यानं पायात चपला अडकवल्या. ‘लिवा सायेब एकच,’ तो म्हणाला. ‘आमचं मी बघितलंय.’ त्यानं काय बघितलंय ते फक्त मला ठाऊक होतं. फलाटाचं टोक, वळणारी भिंत, कोरडी फरशी.

‘बस खाली,’ आजी म्हणाली.

‘आई, ऱ्हाऊ दे आता.’

‘बस म्हणतो न्हवं.’ आजीनं पदर खोचला आणि मानेसाहेबांकडं वळली. ‘दोघं कशी? तिघं हायती. मी हिच्यात जेवतो.’

‘आजी, आत्ता तुम्ही हिला काय बोलला ते माझ्या कानानं ऐकलं मी.’

‘बोललो. माझी सून हाय, बोलणार. तुमच्यात सासू सुनंला बोलत न्हाई काय?’

मानेसाहेबांनी थोडा विचार केला. ‘बोलती की.’

‘मग लिवा तीन.’

मानेसाहेबांनी पेन कानावर ठेवलं, कोपऱ्यातलं घमेलं पालथं केलं आणि त्यावर बसले. ‘लिवतो. पण आधी जेवा. हिच्या चुलीवर. मी बसतो हितं.’

म्हणजे सगळा कारभार आता काकूच्या हातात गेला. आत्ताच जिला तसं बोलली, तिच्या हातचं आजी मागत होती. आणि काकूनं नुसती मान फिरवली असती तरी तिला कुणी नाव ठेवलं नसतं. मी तरी ठेवलं नसतं.  मला वाटतं तेवढ्यात नाल्याला एक पूर येऊन ओसरला. मग काकू पडवीत गेली. मांजराला मानेला धरून उचललं, बाहेर ठेवलं. लाकडं ओलसर होती. तिनं फुंकलं, डोळे पुसले, परत फुंकलं. डोळे धुरानं पुसले का कशानं, ते मी बघितलं नाही. एक भाकरी थापली. कडक शेकली. ताटलीत घातली, बाजूला गुरेळीच्या चटणीचा गोळा, वर तेल. आणि ती ताटली आजीसमोर जमिनीवर ठेवली. आदळली नाही, आणि हळूही ठेवली नाही.

मटणाचा हंडा चार हातांवर उकळत असताना, वर्षाच्या जत्रेदिवशी, माझी आजी ती काळी चटणी खात होती. भाकरी तिच्या उरलेल्या दातांना झेपत नव्हती. तिनं ती चटणीत कुस्करली, पाणी घातलं आणि खाल्ली. सगळी. मग ताटलीकडं बघतच म्हणाली, ‘अजून अर्धी घाल.’ काकूनं आख्खी घातली.

आई तोपर्यंत रश्श्याची वाटी घेऊन मानेसाहेबांपुढं उभी होती. ‘मी ड्युटीवर हाय,’ ते म्हणाले. ‘रस्सा ड्युटीत मोडत न्हाई, सायेब,’ आई म्हणाली. त्यांनी दोन वाट्या घेतल्या. डोळ्यांतनं पाणी, नाकातनं पाणी, टाळूवरनं वाफ. छत्री तिथंच विसरून ते निघाले आणि गल्लीच्या तोंडावरनं परत आले. जाण्याआधी रजिस्टरात दोन ओळी लिहिल्या होत्या. त्यांना सगळं कळलं होतं का? राखेचा वास ओळखणारा माणूस तो. पण पालिकेच्या रकान्यात तीन माणसं, गरम चूल, आणि हे सगळं त्यानं डोळ्यांनी बघितलेलं. त्यानं खोटं काहीच लिहिलं नाही.

माळावरची घरं मिळाली तेव्हा चिठ्ठ्या टाकून वाटणी झाली. आमचं तळमजल्यावर, तात्याचं त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. आम्हाला वाटलं, आता कागदं झाली, किल्ल्या मिळाल्या, आजी खाली राहील. गुडघे तिचे आज माझे आहेत तसलेच. आजीनं गोधडी काखेत मारली आणि जिना चढायला लागली. ‘सर्व्हे परत करतात म्हणं,’ ती म्हणाली. पहिल्या मजल्यावर बसली, दुसऱ्यावर बसली, तिसऱ्यावर पोचेपर्यंत आई खाली स्वयंपाक करून मोकळी झाली.

पहिलं वर्षभर काकू तिच्याशी कामापुरतं बोलायची. ‘ताट वाढलंय’, ‘पाणी तापलंय.’ आजीही ‘बरं’ म्हणायची. आता ‘बरं’ म्हणायची पाळी तिची होती. त्या दिवशीच्या बोलण्याबद्दल आजीनं कधी चूक कबूल केली नाही. आमच्या आजीला ती विद्याच येत नव्हती. पण ती खाली राहायलाही आली नाही. रविवारी मटण केलं की आई मला वाटी घेऊन वर पाठवायची आणि आजी दारातनंच परत धाडायची. ‘ने ती खाली. माझं नाव वर हाय. कुणी बघितलं तर ह्यांचं घर जाईल.’ मी सांगितलं, आजी, मानेसाहेब कधीच रिटायर झाले. ‘मग त्याच्या जागी दुसरा आला असंल की,’ आजी म्हणाली. पुढं पुढं जिन्यातनं जाताना वरनं दोघींचे आवाज यायचे. भाजीत मीठ जास्त झालंय का कमी, यावर तासतासभर. आजी गेली ती तिसऱ्या मजल्यावरच. मरेपर्यंत तिनं तळमजल्यावरच्या आमच्या घरात पाण्याशिवाय काही घेतलं नाही.

काकू अजून आहे, त्याच घरात. तात्या गेल्यापासनं एकटीच. गेल्या महिन्यात मी जिन्यावर चार ठिकाणी बसत, चार देवांना शिव्या घालत तिच्याकडं गेले. तिनं चहा केला. इकडचं तिकडचं झाल्यावर मी विचारलं, ‘काकू, म्हातारी खरंच सर्व्हेवाल्याला भीत होती गं? का तिला तुझ्याकडंच ऱ्हायचं होतं?’

काकूनं बशीत चहा ओतला, फुंकर मारली.

‘मी कधी इचारलं न्हाई,’ ती म्हणाली. ‘इचारलं असतं तर खाली गेली असती.’